गिअरबॉक्सची शिकवणी

माझ्या वडिलांना गाडी लागते. हे मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण आप्पा निपाणीकडं तीस वर्षं सरकारी बसचे ड्रायव्हर होते. स्वतः चालवताना त्यांना कधी काही झालं नाही. स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात गेलं, की मात्र पाचव्या किलोमीटरला तोंड कडू होतं, दहाव्याला खिशातनं लिंबू बाहेर येतं आणि पंधराव्याला, "बाजूला घे गे."

मी त्यांची एकुलती मुलगी आणि आमच्या सगळ्या भावकीत पहिली पदवीधर. पदवीचं प्रमाणपत्र मी बंगळुरातल्या सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये दारासमोरच टांगलंय. पाहुण्याला पाणी मिळायच्या आधी ते दिसतं. दिसावंच. माझ्या पगारातनं मी एक जुनी ऑटोमॅटिक गाडीही घेतली आणि गावात काकांच्या घराची वास्तुशांत ठरल्यावर मनाशी एकच ठरवलं: वेशीतनं माझी गाडी आत शिरेल, मी चालवत असेन आणि पुढच्या सीटवर आप्पा असतील.

आप्पा तेव्हा माझ्याकडंच राहायला आले होते. ते म्हणाले, "तू ये तुझ्या गाडीनं. मी बसनं पुढं होतो. ड्रायव्हर ओळखीचा हाय."

लोकांना अशा वेळी वाईट वाटतं. मला राग आला.

"माझ्या चालवण्यात काय वाईट आहे?"

"तुझ्यात काय नाही गे. ती गाडी दुसऱ्यातनं तिसऱ्यात जाताना विचार करत बसतीय. मग एकदम आठवल्यासारखी उडी मारतीय. ती उडी माझ्या पोटात बसतीय."

म्हणजे दोष गाडीचा होता. हे मला पटलं, कारण दोष माझा असण्यापेक्षा ते बरं होतं. गाडीचं माहितीपुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. अशी पुस्तकं वाचणारी बंगळुरात मी एकटीच असेन. गिअरबॉक्सचं तेल बदलायची वेळ कधीच टळून गेली होती. इथल्या शिवाजीनगरात एका गल्लीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच काम करणारे एक वयस्कर मेकॅनिक आहेत, त्यांच्याकडं गाडी नेली. जुनं तेल निघालं ते उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहासारखं. नवीन भरलं, लालभडक. मी खुशीत घरी निघाले, आणि रिचमंड सर्कल यायच्या आत गाडीनं मला चार गचके दिले. आधी ती उडी मारत होती, आता उचक्या देत होती.

दुसऱ्या दिवशी मी भांडायच्या तयारीनंच गेले. मेकॅनिकनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तेल नया है मेडम, दिमाग पुराना है."

मग त्यांनी समजावलं. तेल जुनं होत जातं, आतले क्लच झिजत जातात, तसं गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर स्वतःच थोडा थोडा दाब कमीजास्त करून सांभाळून घेतो. ते सगळं तो लक्षात ठेवतो. आता तेल ताजं आलं, पण सांभाळून घ्यायची खोड तीच राहिली. ती पुसायला पाहिजे. त्यांनी लॅपटॉप जोडला, दोन बटणं दाबली आणि म्हणाले, "अब इसको कुछ याद नहीं. गाडी गरम करो, खाली रस्ते पे जाओ. धीरे धीरे सब गेअर चढ़ाओ, फिर धीरे से रुको. सात-आठ बार. सीधा चलाओ, सीखेगा."

एवढंच ते म्हणाले. घरी येऊन मी आप्पांना सांगितलं ते असं: "आता गिअरबॉक्स कोरी पाटी आहे. जो चालवेल त्याची सवय तो उचलणार." शिकलेल्या माणसाला मधे आपली एक ओळ घालायचा मोह होतो. ही ओळ माझी होती.

"मग आधी कुणाची सवय होती?" आप्पांनी विचारलं.

"आधीच्या मालकाची. नंतर माझी."

"तरीच."

रविवारी उजाडताच आम्ही टोलच्या रस्त्यावर गेलो. बंगळुरात मोकळा रस्ता एवढाच, आणि तोही त्याच वेळेला. मी चालवत होते. मेकॅनिकनी सांगितल्याप्रमाणे हळूहळू वेग वाढवत तिसऱ्या गिअरपर्यंत आले, तोच एक मोटरसायकलवाला डाव्या बाजूनं आडवा घुसला. मी ब्रेक मारला, हॉर्न दाबून धरला आणि तोंडातनं जे निघालं ते इथं लिहीत नाही.

आप्पांनी डॅशबोर्डकडं बोट दाखवलं. "हे पण शिकलं असंल काय आता ते?"

"आप्पा, गप्प बसा."

"शिवी पण?"

आणखी दोनदा प्रयत्न झाले. एकदा कुत्रं आलं आणि एकदा मी उगाचच घाबरून पाय काढला. आप्पांचा चेहरा उतरला होता, लिंबू नाकाला लागलं होतं. शेवटी ते म्हणाले, "थांब. उतर. दे हिकडं."

ऑटोमॅटिक त्यांनी जन्मात चालवली नव्हती. पहिल्याच मिनिटाला डाव्या पायानं क्लच समजून त्यांनी ब्रेक असा दाबला, की आम्ही दोघंही पट्ट्यांत लटकलो. मी म्हटलं, "डाव्या पायाला काम नाही." त्यांनी क्षणभर विचार केला, चप्पल काढली आणि डावा पाय मांडी घालून सीटवर घेतला. बैलगाडीत बसावं तसे.

आणि मग, मला सांगायला आवडत नाही, पण गाडी पाण्यावरनं गेल्यासारखी गेली. गिअर कधी पडला ते पोटाला कळत नव्हतं. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा हळूच खाली यायचा, तेवढ्यावरनं ओळखायचं. सहाव्यापर्यंत चढायचं, पाय काढायचा, घसरत घसरत येऊन झोपलेल्या बाळाला ठेवावं तसं थांबायचं. मी मोजत होते. आठ झाल्यावर म्हटलं, "पुरे." तर म्हणाले, "आणखी दोन. पोरगं हुशार हाय."

आम्ही सारखे तिथंच फिरतोय हे बघून टोलचा रखवालदार जवळ आला. आत वाकून, मांडी घालून बसलेल्या आप्पांकडं बघत त्यानं कन्नडमध्ये विचारलं, "काय आजोबा, या वयात गाडी शिकताय?"

"शिकत नाही," आप्पा म्हणाले, "शिकवतोय."

त्यानं बाजूच्या सीटवरच्या माझ्याकडं दयेनं बघितलं.

दोन दिवसांनी मी मेकॅनिकना फोन करून धन्यवाद दिले आणि वडिलांची सवय गाडीनं उचलल्याचंही सांगितलं. ते खोखो हसले. "आदमी को नहीं सीखता मेडम! अंदर के क्लच का दाब सीखता, बस. अब कोई भी चलाओ."

आप्पा समोरच बसले होते. सोसायटीतल्या चार जणांना एव्हाना त्यांचं सांगून झालं होतं, "गाडीत माझा पाय बसलाय." त्यांनी विचारलं, "काय म्हणतोय? आता तू चालवलीस तरी ती माझ्यासारखीच चालणार, न्हवं?"

मी चुकीचं खपवून घेत नाही. लिफ्टमधल्या नोटिशीतल्या चुका मी लाल पेनानं सुधारते. साहेबांना भर मीटिंगमध्ये चुकलात म्हटलंय. खरं सांगितलं, तर गावाला निघायच्या शनिवारी आप्पा बसस्टँडवर असणार होते.

"हो," मी म्हणाले.

"मग शनिवारी किती वाजता निघायचं?"

शनिवारी ते पुढच्या सीटवर बसले. मी इतकी मऊ गाडी आयुष्यात चालवली नव्हती. खड्डा आला की आधी मनातल्या मनात त्याची माफी मागत होते. पहिल्या तासात आप्पा मधूनमधून म्हणत होते, "बघ, कसा टाकला तिसरा. माझाच हाय तो." मी मान डोलवत होते. पंधरावा किलोमीटर गेला, पन्नासावा गेला. तुमकूर मागं पडलं आणि बोलणं बंद झालं. वळून बघितलं, तर आप्पा तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते.

मला चहा हवा होता. चहापेक्षाही बाथरूमला जायची घाई होती. सिरा आलं, गेलं. हिरियूर आलं, गेलं. चित्रदुर्गाजवळ तर एक हॉटेल अगदी समोर होतं. पण थांबले असते तर ते उठले असते, आणि उठून पोटाची आठवण झाली असती तर? मी दात आवळून पुढं निघाले.

दावणगेरेजवळ त्यांनी डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं, आणि एकदम ताठ बसले.

"झोप लागली काय गे मला?"

"लागली. चांगली दोन तास."

त्यांनी तोंडावरनं हात फिरवला. चेहरा ओशाळला होता.

"बरं न्हवं हे," ते म्हणाले. "गाडी चालवताना माणसानं झोपू नये."

"नाही, बरं नाही," मी म्हणाले, आणि पुढचं जे हॉटेल दिसलं तिथं गाडी वळवली.