दगड हजर

माझं बांगड्यांचं दुकान आठवडी बाजाराच्या अगदी तोंडावर आहे. गावातल्या बायका मला चेहऱ्याआधी हातावरून ओळखू येतात. कुणाचं हाड रुंद, कुणाचा हात लोण्यासारखा मऊ, कुणी बांगडी चढायच्या आधीच "आई गं" करणारी. बाईचा हात एकदा माझ्या हातात आला की बांगड्या भरून होईपर्यंत ती बोलते, आणि गावात काय शिजतंय ते मला पंचायतीच्या शिपायाआधी कळतं. याचा मला थोडा तोरा आहे, तो मी लपवत नाही.

न बोलणारी एकच होती, हुलगेवाली. हुलगे, मटकी, मूग असलं कडधान्य घेऊन ती दर बुधवारी बाजारात बसायची. बोलणाऱ्याचे हुलगे खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात म्हणतात, पण ही मुकाट बसायची आणि दुपारपर्यंत तिच्या गोण्या रिकाम्या झालेल्या असायच्या. माप भरलं की वर एक मूठ जास्तीची टाकायची. तेच तिचं बोलणं.

आमच्या पाथर्डीकडच्या कोरड्या भागात दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. हुलगेवालीही नवऱ्याबरोबर जायची आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत यायची. त्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली. काचेच्या नकोत, प्लॅस्टिकच्या भरा म्हणाली. उसाच्या फडात काच टिकत नाही. मी हात दाबून बांगड्या चढवत होते, आणि काय चमत्कार, ती आपणहून बोलली.

"औंदाचं शेवटचं साल, ताई. पोरगी धाव्वीला गेली. तिला आता कुनाच्या दारात ठिवून जायचं न्हाई. पाडव्याला आले की बारा म्हैने बाजारच करनार."

"जमेल का तेवढ्यावर?"

"जागा हाय ना," ती म्हणाली. "सासूपासनं जागा हाय."

जागा म्हणजे काय, तर बाजारतळावरची दोन गोण्या पसरण्याएवढी माती. उजव्या हाताला मिरचीवाली मावशी, डाव्या हाताला मीठवाला. ना ओटा, ना पाटी. तोडीला जाण्याआधीच्या शेवटच्या बाजारी ती तिथे दगड ठेवायची. एक कोपरा उडालेला काळा दगड, एरवी ताडपत्रीचं टोक दाबायला वापरायची तोच. तोडीला जाणारे सगळेच विक्रेते असे आपापले दगड ठेवून जायचे. हिवाळाभर बाजारात भाजीच्या ढिगांमधून मधेमधे नुसते दगड बसलेले असायचे. मी ते इतकी वर्षं बघत आले होते. लोकांची एक खोड, यापलीकडे मी त्याचा कधी विचार केला नव्हता.

तोडकरी गेले आणि मागे गावात वेगळंच सुरू झालं. आमच्या मागच्या डोंगरावर देवीचं ठाणं आहे. डोंगरावर पवनचक्क्या आल्या, त्यांच्यासाठी वरपर्यंत डांबरी रस्ता झाला, आणि त्या रस्त्याने रविवारी नगरच्या, पुण्याच्या गाड्या यायला लागल्या. देवीला हात जोडायचे, पवनचक्कीखाली फोटो काढायचे, वडापाव खायचा आणि जायचं. गाड्या लावायला जागा नाही, म्हणून लोक थांबत नाहीत, म्हणून गावात काही खपत नाही. त्यावर पंचायतीने तोडगा काढला, की बाजारतळावर गाड्यांचा तळ करायचा, कडेने गाळे बांधायचे, आणि बुधवारचा बाजार ओढ्याकाठच्या गायरानात न्यायचा.

ग्रामसभा गाजली. हॉटेलवाला बाजूने उभा राहिला, ते साहजिकच होतं. निवृत्त गुरुजी विरोधात बोलले, तेही साहजिक, कारण गुरुजी सगळ्याच्याच विरोधात बोलतात. एक शेळ्यावाला उठून म्हणाला, "गायरानात बाजार नेताय, मंग माझ्या शेळ्या काय गाळ्यात बांधू? शटर लावून?" सभा हसून हसून लोळली. मीही उठले आणि बाजूने बोलले. पाहुणे आले तर लेकी-सुनांसाठी चार बांगड्या घेऊन जातील, गाव म्हणजे काय लोणच्याची बरणी आहे का झाकून ठेवायला, असं मी ठणकावून सांगितलं. आजही मला ते चूक वाटत नाही.

आमची सरपंच तरुण मुलगी. नवऱ्याला खुर्चीत बसवून मागे उभी राहणाऱ्यातली नव्हे, स्वतः बोलते. नव्या जागेवर भांडणं होऊ नयेत म्हणून तिने नियम सांगितला. गायरानात फक्कीने चौकोन आखायचे, आणि पहिल्या बाजाराला ज्या चौकोनात जो हजर, तो चौकोन कायमचा त्याचा.

मिरचीवाली मावशी उभी राहिली. "आन् जे तोडीला गेलेत त्यांचं?"

"त्यांचं नंतर बघू, मावशी."

आमच्या गावात 'नंतर बघू' याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेची भिंत नंतर बघू मध्ये आहे, स्मशानाची शेड नंतर बघू मध्ये आहे. मावशी खाली बसली. बारा महिने बाजार करणार म्हणणारा तो हात मला आठवला.

घरी येऊन मी हुलगेवालीला फोन लावला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं आणि एका दिवसासाठी येऊन जा म्हटलं.

"न्हाई यायचं जमत, ताई. टोळी सोडून मधीच कसं यायचं? मुकादम न्हाई सोडायचा." मग तिने विचारलं, "दगड हाय न्हवं जाग्यावर?"

"आहे," मी म्हटलं. आता त्या दगडाचा काय उपयोग, हे मात्र माझ्याच्याने बोलवलं नाही.

मंगळवारी सकाळी जेसीबी आला. दुकानाच्या पायरीवर उभी राहून मी बघत होते. दोन तासांत आमचा बाजारतळ सपाट झाला. ड्रायव्हर जेवायला गेला तेव्हा मी जाऊन तो कोपरा उडालेला दगड शोधला. नव्हता. कुणाचाच नव्हता. सगळे मातीखाली गेले असं मी धरून चालले. घरी येऊन ह्यांच्याशी विनाकारण भांडले.

बुधवारी मी दुकान उघडलंच नाही. सरळ गायरानात गेले. भांडणं होणार याची सगळ्यांना खात्री होती, म्हणून सरपंच आणि ग्रामसेवक आधीच येऊन उभे होते. फक्कीच्या पांढऱ्या रेघा उन्हात चमकत होत्या. मग टेम्पो आले, जीपा आल्या, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका आल्या.

आणि जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर मलाही खरं वाटलं नसतं.

रेघांकडे कुणी बघितलंच नाही. सगळे एकमेकांकडे बघत होते. कांदेवाला आधी जाऊन उभा राहिला, कारण जुन्या बाजारात तो तोंडाशीच बसायचा. त्याच्याकडे बघून लसूणवाली बसली, तिच्याकडे बघून आलं-कोथिंबीर बसली. कुणी "ही माझी" म्हटलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. लग्नात मोठा फोटो काढताना घरची माणसं आपसूक आपापल्या जागी उभी राहतात ना, तसं. बघता बघता आमचा जुना बाजार जसाच्या तसा ओढ्याकाठी उतरला. इतकी वर्षं मी ज्याला गर्दी समजत होते, ती गर्दी नव्हतीच.

मधे मधे जागा सुटल्या होत्या. मिरचीवाली मावशी बसली, मीठवाला बसला, आणि दोघांच्या मधे एक मोकळा चौकोन राहिला. ग्रामसेवक खूश झाला. "बघा, जागा उरल्या," सरपंचबाईला म्हणाला. तेवढ्यात मावशीने मिरच्यांच्या गोणीत कोपरापर्यंत हात घातला आणि आतून एक दगड काढला. काळा, एक कोपरा उडालेला. फुंकर मारून त्यावरचं मिरचीचं बी उडवलं आणि मोकळ्या चौकोनात ठेवला.

मी वळून बघितलं. बाजारभर तेच चाललं होतं. कुणी कांद्याच्या पोत्यातून, कुणी भाजीच्या पाटीखालून, कुणी नुसता पदरात बांधून शेजाऱ्याचा दगड आणला होता. जेसीबी यायच्या आधीच, एकमेकांना न विचारता, सगळ्यांनी उचलून नेले होते. मला बाजारातलं सगळं आधी कळतं म्हणे!

अडचण आली ती एका बाहेरच्या पोरगेल्या माणसामुळे. डोंगरावर येणाऱ्या पाहुण्यांना गॉगल आणि टोप्या विकायला तो आमच्या गावात नवीनच आला होता. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? मोकळी जागा दिसली, त्याने पायाने दगड बाजूला सारला आणि आपली ताडपत्री अंथरली.

मावशीने हातातला तराजू खाली ठेवला. मीठवाल्याने माप उलटं केलं. मग कांदेवाला "कांदा, कांदा" करता करता थांबला. एकेक करत सगळा बाजार थांबला. गिऱ्हाईक हातात पिशवी धरून उभं, आणि कुणी त्याला काही देईना. माझा जन्म बाजारासमोर गेला, पण बाजार गप्प झालेला मी त्याआधी ऐकला नव्हता. ओढ्यातल्या पाण्याचा आवाज येत होता. रागाने कुणी एक शब्द बोलत नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

गॉगलवाल्याने इकडेतिकडे पाहिलं. "काय झालं, मावशी?"

"काय न्हाई बाबा," मावशी म्हणाली. "तिथं बाई बसलीय."

"कुठंय?"

मावशीने हनुवटीने दगड दाखवला.

ग्रामसेवक पुढे झाला. "अहो मावशी, नियम काय ठरलाय? जो हजर त्याची जागा. ती बाई हजर कुठंय?"

"दगड हजर हाय की," मावशी म्हणाली. "तिनं ठिवलाय. मी काय घरचा आणून ठिवला न्हाई."

सगळे सरपंचाकडे बघायला लागले. ती पोर त्या दगडापाशी आली. तिची स्वतःची आई कधीकाळी तोडीला जायची, हे मला माहीत होतं. तिच्या आईच्या हाताला उसाच्या पाचटाने चिरलेल्या बारीक रेघा होत्या, त्यांवरून मी बांगड्या हळू सरकवायचे.

"भाऊसाहेब," सरपंच ग्रामसेवकाला म्हणाली, "दगडाला हजर धरा."

गाव करी ते राव काय करी! गॉगलवाल्याने ताडपत्री गुंडाळली, दगड दोन्ही हातांनी उचलला आणि होता तिथे ठेवला. मावशी म्हणाली, "जरा अलीकडं. तिला मिठाचा वारा सोसत न्हाई." त्याने अलीकडे घेतला. मग मावशीनेच त्याला बाजाराच्या शेवटाला, पोरांच्या कपड्यांशेजारी बसायला सांगितलं, आणि बाजार पुन्हा ओरडायला लागला.

पाडव्याच्या तोंडावर तोडकरी परत आले. हुलगेवाली ट्रकमधून उतरली ती थेट माझ्या दुकानाशी आली. समोर बाजारतळ नव्हता. गाळ्यांचे खांब उभे होते, एक पांढरी गाडी लावलेली होती. ती बघत राहिली, तिच्या तोंडचं पाणी पळालं. फोनवर मी सगळं सांगितलं होतं, पण सांगितलेलं वेगळं आणि दिसलेलं वेगळं. मी तिचा हात धरला आणि तिला गायरानात घेऊन गेले.

बाजाराचा दिवस नव्हता. मोकळं गायरान, फक्कीच्या रेघा कधीच पुसलेल्या, आणि उन्हात विखुरलेले दगड. मी दाखवायच्या आधीच ती आपल्या दगडापाशी जाऊन पोचली. खाली बसली. उजव्या बाजूच्या मातीवरून हात फिरवला, डाव्या बाजूच्या मातीवरून हात फिरवला. मिरचीचं एक बी बोटाला लागलं ते बघून ती हसली, आणि मग हमसून हमसून रडली. मीही रडले. दोघी बायका मोकळ्या माळावर दगडापाशी बसून रडताहेत हे बघून शेळ्यावाला लांबून वळसा घालून गेला.

पुढच्या बुधवारी ती गोण्या घेऊन आली. मावशीने तिला "कधी आलीस" असंही विचारलं नाही. "माप दे तुझं जरा," एवढंच म्हणाली, जणू हुलगेवाली पाणी प्यायला उठून गेली होती.

त्यानंतर पावसाळ्यात माझ्या लेकीच्या बाळंतपणासाठी मी राहुरीला गेले. जावई एकटा, सासू नाही, त्यामुळे मुक्काम लांबला. दुकानाला कुलूप. तोवर गाड्यांचा तळ सुरू झाला होता, पाहुणे वाढले होते, आणि माझ्या दुकानाची पायरी म्हणजे आता गावातली सगळ्यात मोक्याची जागा. परत येईपर्यंत तिथे कुणीतरी भज्यांची कढई मांडलेली असणार आणि मला भांडून उठवावं लागणार, याची मी एसटीतच तयारी केली होती. चांगले ठेवणीतले शब्द जुळवले होते.

उतरले तर तळ गाड्यांनी गच्च भरलेला. हातगाड्या, टोप्या, कणसं, सगळी दाटी. आणि माझी पायरी रिकामी. समोर गॉगलवाला उन्हात उभा होता, सावली माझ्या पायरीवर असून.

"काय रे," मी विचारलं, "इथं का नाही बसलास?"

"कसं बसनार, ताई?" तो म्हणाला. "तुमी हजर हुतात की."

मी खाली बघितलं. कुलपाच्या खाली, पायरीच्या मधोमध, कोपरा उडालेला काळा दगड ठेवलेला होता.