न पाहिलेला शेवट

धुळ्याच्या आमच्या वाचनालयात त्या काळी एक वही होती. टीव्हीवरच्या मालिकेचा प्रत्येक भाग त्यात लिहून ठेवायचा: कोण आलं, काय बोललं, शेवटी काय झालं. ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता किंवा ऐन वेळी ज्यांची लाईट जायची, ते वाचायला येत. लिहिलेलं पान आधी तीन दिवस टेबलावर ठेवत, शेजारी पेन्सिल. वाचणाऱ्याने समासात चूक दाखवायची, लिहिणाऱ्याने ती सुधारायची, आणि मग पान बांधणीला जायचं. ग्रंथपाल नानांचा नियम एकच. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा.

एका मालिकेचा शेवटचा भाग नानांनी मला लिहायला दिला. जमलं तर पुढच्या मालिकेची वही माझी. मला वहीपेक्षा एस.टी.ची ओढ जास्त होती, खोटं कशाला बोलू. घरात माझ्यासाठी स्थळं पाहणं सुरू होतं. वहीच्या निमित्ताने आठवड्यातून एकदा गावातून एकटीने धुळ्याला जाता येणार होतं.

रविवारी मांडीवर कागद घेऊन बसले. मालिकेतल्या बापाने घर सोडून गेलेल्या मुलीचं पत्र हातात घेतलं आणि टीव्ही बंद पडला.

"बठ्ठा गावनी लाईट गयी शे," शेजारची अक्का दारातून म्हणाली.

लाईट आली तेव्हा बातम्या चालू होत्या. कुणाला तरी विचारायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण शेवट पाहिलाच नाही म्हटलं तर नाना पान दुसऱ्याला देतील, या धास्तीने मी लिहून टाकलं: बापाने पत्र वाचलं आणि तो ढसाढसा रडला. बाप आहे, दुसरं काय करणार, असं मी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला जाऊन पान टेबलावर ठेवून आले. धुळ्यात त्या रात्री अर्ध्या शहरात लाईट होती म्हणे. मग वाटायचं, ज्यांनी भाग पाहिलाय ते वाचायला कशाला येतील? तिसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पान उघडलं. 'अक्षर जरा मोठं काढा.' 'मुलीचं वय सांगावं.' 'रडण्याचा प्रसंग छान उतरला आहे.' जीव भांड्यात पडतोय तोच खाली बारीक, सरळ अक्षरात दिसलं: 'बापाने पत्र वाचलं नाही. घडी घालून खिशात ठेवलं.'

खरं तर एक ओळ खोडून नवी लिहायची, एवढंच काम होतं. समास त्यासाठीच होता. पण मग नाना विचारणार, तू काय पाहिलंस? मी पिशवीतून खोडरबर काढलं आणि समासातली ती ओळ पुसून टाकली.

"काही सूचना?" नानांनी विचारलं.

"अक्षराबद्दलच आहेत."

पान पास झालं. वही मला मिळाली.

आठवड्याने बांधणी करणारे चाचा व्हरांड्यात सुई-दोरा घेऊन बसले होते. पानं लावताना माझं पान त्यांनी उजेडात तिरपं धरलं. पेन्सिलीचा दाब कागदावर उमटलेला होता.

"बेटी, इथं मी काहीतरी लिहिलं होतं. कुणी पुसलं?"

"माहीत नाही, चाचा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बांधणीच्या दोऱ्याकडे पाहत राहिले.

"मग माझंच चुकलं असेल," ते म्हणाले. "घरी टीव्ही नाही आमच्या. चहाच्या दुकानात उभ्याने पाहिलं. गर्दी होती."

आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी ते पान शिवलं. तेव्हा बोलता आलं असतं. वाटलं, पुढच्या वेळी सांगू.

पुढे लग्न ठरेपर्यंत मी दर आठवड्याला धुळ्याला जात राहिले. माझं प्रत्येक पान चाचा शेवटपर्यंत वाचायचे, चष्मा पुसून पुन्हा वाचायचे. समासात त्यांनी परत एक अक्षर लिहिलं नाही.