पोस्टाचं पुस्तक जोडल्याबद्दल

आमच्या हायस्कुलाच्या शिपायावर, म्हणजे मामांवर, अन्याय झाला तो मॅट्रिकच्या निकालानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता. वेळ नक्की सांगतो, कारण अकराची घंटा स्वतःच देऊन, हात धोतराला पुसत, मामा कमिटीपुढे उभे राहिले होते.

त्या शाळेत शिकलेल्या सोलापुरातल्या कुणालाही मामा आठवतील. मधल्या सुट्टीत ते भज्यांच्या टोपलीशी उभे असत. पोरानं खिशात हात घातला की म्हणत, "आदी त्या आण्याला इचार की, 'बाबा, तुला जायची लई घाई हाय का?'" निम्मी पोरं लाजून आणा त्यांच्याकडे देत. महिन्याअखेरीस साठलेले पैसे पोस्टात ज्याच्या त्याच्या पुस्तकावर जमा होत. माझा आणा कायमच घाईत असे. मामा टोपलीवाल्याला सांगत, "ह्येचा आणा ह्येच्यासारखाच. घरात थांबत न्हाय."

मामांचा मुलगा आणि मी एकाच वर्षी मॅट्रिक झालो. गरीब विद्यार्थ्यांना कॉलेजची फी देणारा शहरातल्या मोठ्या लोकांचा एक फंड होता. त्या वर्षी जागा एक आणि अर्ज आम्हा दोघांचे.

मामांनी मुलाच्या अर्जाला पोस्टाचं पुस्तक जोडलं. शिपायाच्या पगारातून नऊ वर्षांत साठवलेले ब्याऐंशी रुपये. पुण्याच्या कॉलेजात त्यात जेमतेम एक सत्र निघालं असतं. इंटरपर्यंत सत्रं चार. ऑफिसातल्या कारकुनानं त्यांना बाजूला घेऊन सुचवलं होतं, की पुस्तक घरी ठेवा. मामा म्हणाले, "लपवायला चोरीचं हाय का ते?" त्यांच्या मते चांगल्या वर्तणुकीचा याहून मोठा दाखला नव्हता.

फंडाच्या कमिटीतल्या वकीलसाहेबांनी पुस्तक चाळलं. मामांच्या काटकसरीचं तोंडभर कौतुक केलं. मग म्हणाले, "शिल्लक आहे म्हणजे गरज नाही." माझ्याकडे पाहिलं. माझी बाही फाटकी, खिसा रिकामा. नाटकाच्या तंबूत आणि भज्यांच्या टोपलीत मी जे उडवलं होतं, ते त्या दिवशी मला पुण्याला घेऊन गेलं. उधळ्याला फंड, साठवणाऱ्याला शाबासकी. असा हिशेब करायला वकिलीची परीक्षा लागते.

बाहेर आल्यावर मला मामांकडे बघवेना. त्यांनीच खांद्यावर हात ठेवला. "तुला मिळालं, ब्येस झालं. आता त्या पैशाला इचारत जा." मुलगा पुढच्याच आठवड्यात गिरणीत लागला. मागाशी उभं राहायला शिल्लक आड येत नाही.

मामांनी मात्र त्यानंतर पोरांच्या आण्याला काही विचारलं नाही. सुट्टीत ते घंटेखाली बसून राहत, आणि टोपली लवकर रिकामी होई. गेल्या वर्षी ते वारले. घंटेखालचं स्टूल तिथंच आहे. नवा शिपाई त्यावर पाण्याची घागर ठेवतो.

फंडाचे यंदाचे अर्ज निघाले आहेत. 'शिल्लक असल्यास रक्कम' हा रकाना अजून तसाच आहे. वाचकहो, तुमच्यातल्या पुष्कळांची त्या फंडाला वर्गणी जाते. येत्या सभेला जा, उभे राहा आणि तो रकाना खोडायला लावा. कुणी विचारलं, शिल्लक नसलेल्याला दिलं त्यात काय बिघडलं, तर माझं नाव सांगा. मी येतो.