देशमुख निवडताना

अमरावतीत दगड भिरकावला तर तो कुठल्या तरी देशमुखाच्या दारात पडतो, असं आमच्याकडे गमतीनं म्हणतात. पण तो नेमका कोणत्या देशमुखाच्या दारात पडला, हे सांगू शकणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच आहे, आणि ते माझे साडू आहेत. ते स्वतः देशमुख, त्यांची बायको माहेरचीही देशमुख, आणि तिची धाकटी बहीण माझ्या घरी आली म्हणून मी, अकोल्यातला एक साधा सरकीचा व्यापारी, या गोतावळ्याच्या काठाला लागलो. साडूंचं आयुष्य अमरावतीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं. कोणतंही पुस्तक हाती आलं की ते आधी मागून उघडतात, म्हणजे लेखकानं ज्यांचा ज्यांचा आधार घेतला त्यांची नावं शेवटी असतात ना, तिथून. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पयले त्याचे सोयरे पाहू द्या, भाऊ. मानूस कसा हाये ते त्याच्या पंगतीत कोन बसते त्यावरून समजते."

या पंगती पाहण्याचं एक शास्त्र आहे आणि त्याला ग्रंथमिती म्हणतात, हे मला त्यांच्याकडून कळलं. जगभरच्या डॉक्टरांनी, प्रोफेसरांनी लिहिलेले लेख घ्यायचे, कोणी कोणाचं नाव घेतलं ते मशीनला विचारायचं, आणि मशीन त्याचा नकाशा काढून देतं. प्रत्येक माणूस एक ठिपका. ज्याचं नाव जास्त घेतलं गेलं त्याचा ठिपका मोठा, आणि ज्यानं नाव घेतलं त्याच्यापासून एक रेघ. साडूंनी पहिल्यांदा मला लॅपटॉपवर तो नकाशा दाखवला तेव्हा हातातला चहा निवून गेला. हृदयाचे डॉक्टर एका रंगात, डोळ्यांचे दुसऱ्या, साथीच्या रोगांचे तिसऱ्या. साडू वर्षं पुढे सरकवत होते आणि रंग हलत होते. एक विषय फुगत होता, दुसरा विझत होता, आणि भलत्याच कोपऱ्यात एखादा नवा रंग उगवत होता. मी रोज बाजारभाव पाहणारा माणूस, चढउतार मला नवे नाहीत. पण सगळी दुनिया कशाचा विचार करते आहे त्याचे चढउतार असे एका जागी बसून दिसतात, हे पाहून मला खरोखर हात जोडावेसे वाटले.

घरात मात्र या शास्त्राचा जाच होतो. "हे कोनं सांगतलं?" हा प्रश्न ते मिठाच्या प्रमाणाबद्दलसुद्धा विचारतात. माझे गुडघे धरले तेव्हा चार नातेवाइकांनी वेगवेगळ्या फोनवर एरंडाच्या पानांचा शेक सुचवला. चार माणसं काय खोटं बोलतील, असं माझ्या बायकोचं म्हणणं. साडूंनी चौघांना फोन लावले. चौघांनाही मोर्शीच्या मावशीनं सांगितलं होतं, आणि मावशीला सांगितलं होतं माझ्या बायकोनं. "चार साक्षीदार नाईत, भाऊ, एकच हाये," साडू शांतपणे म्हणाले, "अन् तो तुमच्याच सैपाकघरात हाये. संशोधनातबी असंच चालते." बायको त्यानंतर बरेच दिवस त्यांच्याशी मोजकंच बोलली.

पण त्यांची खरी झटापट झाली ती एस. देशमुख नावाच्या राक्षसाशी. मशीनला बिचाऱ्याला वऱ्हाड काय माहीत. लेखांवर पुष्कळदा नावाचं पहिलं अक्षरच छापतात, म्हणून त्याच्या लेखी एस. देशमुख हा एकच माणूस. मग या एकाच इसमानं संत्र्यावरच्या डिंक्या रोगावर लिहिलेलं, लोकांचे गुडघे बदललेले, बोंडअळी मारलेली आणि दातांची मुळंही तपासलेली. नकाशाच्या मधोमध त्याचा ठिपका भोपळ्याएवढा. पुण्याचे एक पाहुणे प्राध्यापक तो पाहून दिपले आणि विचारते झाले, कोण हो हे विद्वान? साडू म्हणाले, "विद्वान नाई सर, हे भाऊबंदकी होय."

मग त्यांनी तांदळातून खडे निवडावेत तसे देशमुख निवडायला घेतले. सुरेश कोणता, संजय कोणता, शालिनी कोणती, हे मशीनला सांगता येत नाही, पण सोयरिकी जुळवणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला येतं. ते गावोगाव फोन करत. "तुमचा पुतण्या मानसाच्या काळजाचं पाहते का कपाशीच्या बोंडाचं, येवढंच सांगा." पलीकडच्याला वाटे, स्थळाची चौकशी आहे. तो ओलिताची शेती सांगे, विहिरीचं पाणी सांगे, पोरगा तंबाखूचा खर्रा खात नाही हेही सांगे. या गोंधळात खरंच एक लग्न जुळलं. लग्नात साडू स्टेजवर चढून नवरदेवाच्या कानाशी लागले. "पोरीचं नाव बदलू नोका, बापू. लय वांधे होतात." आम्ही सगळे पोट धरून हसलो.

त्याचा अर्थ मला पुढे कळला. ते अकोल्याला माझ्या दुकानात आले होते. समोरच्या जिनिंगमधून, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यातून, तोंडाला दुपट्टे बांधलेले मजूर खोकत बाहेर पडत होते. साडू त्यांच्याकडे पाहत म्हणाले, "त्या एस. देशमुखाच्या पोटात तुमची ताईबी हाये." ताई म्हणजे साडूंची बायको, माझी मोठी मेव्हणी. त्या डॉक्टर आहेत, अमरावतीत त्यांचा दवाखाना आहे, एवढंच मला माहीत होतं. पण नुकत्याच डॉक्टर झाल्या तेव्हा त्या इथल्या जिनिंगांतून हिंडल्या होत्या, कापसाची धूळ खाणाऱ्या मजुरांच्या छात्या तपासल्या होत्या आणि त्यावर एक लेख लिहिला होता, सुनंदा या नावानं. लगेच लग्न झालं. साडूंनी रीतीप्रमाणे ताटातल्या तांदळांत अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहिलं, वसुधा. मग सासर, मुलं, दवाखाना. वसुधेनं पुन्हा काही लिहिलं नाही.

"मग आधी त्यांनाच बाहेर काढा की," मी म्हणालो.

"फक्त बायकोले काढलं तं वशिला होईन. सगळे देशमुख निवडीन, तवा तिची पाळी." मग त्यांनी पोत्यातली सरकी मुठीत घेतली आणि परत सोडली. "अन् कोनंच वाचला नसन तं, भाऊ? मी कोन्या तोंडानं सांगू तिले?" जगातल्या कुठल्याही लेखाचे सोयरे एका बैठकीत शोधणारा हा माणूस बायकोच्या एका लेखाला भीत होता. मला त्यांच्याबद्दल तेव्हा फार माया वाटली.

गेल्या दिवाळीत आम्ही अमरावतीला गेलो तर बैठकीच्या भिंतीवर तो नकाशा फ्लेक्सवर छापून लावलेला. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे फलक छापणाऱ्याकडूनच करून आणला होता, आणि त्यानं इमानदारीत विचारलं होतं म्हणे, यात भाऊंचा फोटो कुठं टाकायचा? मधला भोपळा फुटून त्याचे कितीतरी लहान ठिपके झाले होते. अगदी कडेला एक बारीक ठिपका होता, सुनंदा. त्याच्याकडे रेघा येत होत्या, फार नाहीत, पण दूरदूरच्या देशांतून, जिथं जिथं कोणी कापसाच्या धुळीचा आणि माणसाच्या छातीचा विचार केला होता तिथून. त्या माणसांकडे पुढे आणखी कोणाच्या रेघा. माझ्या दुकानासमोरचा खोकला इतका लांब ऐकू गेला होता आणि मला त्याची इतकी वर्षं खबर नव्हती.

ताई खालच्या दवाखान्यातून वर आल्या, गळ्यात स्टेथोस्कोप तसाच. "यातली मी कोनती?" त्यांनी विचारलं. साडूंनी ठिपक्यावर बोट ठेवलं. ताईंनी आपलं बोट तिथून एका रेघेवरून नेत नेत पार दुसऱ्या कडेपर्यंत नेलं. "म्हंजे वाचला होता कोनं तरी," त्या म्हणाल्या, आणि पेशंट बसलेत म्हणून पुन्हा खाली गेल्या. साडूंनी फ्लेक्सचा सुटलेला कोपरा भिंतीवर दाबून बसवला.

"एका मानसाचे दोन मानसं केले मी," ते मग म्हणाले, "अन् तेबी तांदळात."

आता ते रिटायर झाले आहेत. देशमुख संपले म्हणून पाटील निवडायला घेतलेत. घरात ते बायकोला सुनंदा म्हणून हाक मारतात. ताई ओ देतात, पण अजून जरा उशिरानं, कोणाला हाक मारली ते आठवून. तोवर साडू दारात उभे राहतात.