दोन उजवे पाय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या मास्तरांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही मला नीट कळलेलं नाही.

गिरणी बंद पडल्यावर मी अंधेरीत कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात लागलो. चारकोपहून जायचो. याच्या हातात कसब आहे, असं लोक म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं — तिथेच तर घोडं पेंड खातं.

इराण-इराकची आठ वर्षांची लढाई नुकतीच थांबली होती. त्या हिवाळ्यात आमच्याकडे दोघं आले. एक इराकी, एक इराणी. दोघं तिशीच्या आतले, दोघांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला. मास्तरांना धास्ती — समोरासमोर आले आणि जुंपली तर? म्हणून इराक्याला सकाळी बोलवायचं, इराण्याला दुपारी.

माप घ्यायच्या शनिवारी मात्र इराकी उशिरा आला आणि दोघांची गाठ पडलीच. मास्तरांचा जीव टांगणीला. झालं काय? इराण्याने सरकून बाकावर जागा करून दिली. दोघांनी एकमेकांचा खुंट बघितला, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. एवढंच.

मी दोघांचे प्लास्टरचे साचे घेतले. साचा ओला असतानाच तो कुणाचा याची त्यावर कॉपिंग पेन्सिलीने खूण करायची, हा आमच्या कामातला पहिला धडा. मी केली नाही. मनोरीला मित्राचा साखरपुडा होता, मार्व्याची बोट गाठायची होती. आणि साचे दोनच तर, राहतील की लक्षात! सोमवारी बघतो तर दोन्ही वाळलेले, पांढरे, जुळ्या भावांसारखे.

"खुणा केल्यास ना रे?" मास्तरांनी विचारलं.

"हो मास्तर," मी म्हणालो, आणि ते वळल्यावर अंदाजाने केल्या.

पाय तयार झाले. सकाळी इराक्याने घातला, चार पावलं टाकली, ओठ आवळले. खुंट ज्यात बसतो ती वाटी नडगीच्या बाजूला काचत होती. मी म्हटलं, "नया है, पहले पहले दुखेगा." त्याला लगेच पटलं. दुखणं अंगवळणी पडलेला माणूस — त्याला फसवायला कितीसं कसब लागतं? छातीवर हात ठेवून माझे आभार मानून गेला.

दुपारी इराण्याने घातला, तर वाटी सैल. एकाला घट्ट, एकाला सैल — आणखी काय कळायचं राहिलं होतं?

इराक्याचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. त्याचा लॉज दहा मिनिटांवर, चालत. जाऊन त्याला परत आणायचं, वाट्या बदलायच्या — संध्याकाळपर्यंत दोन्ही पाय नीट झाले असते. माझे स्वतःचे तर दोन्ही धड होते.

मी उठलो नाही. इराण्याच्या खुंटावर एक जादा मोजा चढवला, मग आणखी एक. "अब सही," म्हटलं.

नोकरी जाईल ही भीती होती? होती थोडी. पण खरं सांगू? चुकलो म्हणायची लाज जास्त होती. पुढे मास्तरांनी मलाच हेड कारागीर केलं, आणि नव्या पोरांना मी खुणेचा धडा देत राहिलो.

निघताना इराण्याने माझ्या हातात पिस्त्यांची पुडी ठेवली. दाराशी थांबला आणि लॉजवर शिकलेल्या मोडक्या हिंदीत त्याने विचारलं, "वो दूसरा आदमी, इराकवाला — उसका पैर अच्छा बैठा?"

"एकदम झकास," मी म्हणालो.

त्याला खरोखर आनंद झाला. "खुदा का शुक्र," म्हणाला, आणि कठडा धरून, त्या दोन जादा मोज्यांवर एकेक पायरी उतरत गेला. पिस्ते मी घरी नेले. पोरांनी दोन दिवसांत संपवले.