धरलेलं मनगट

बंगळुरूत के. आर. पुरमच्या बसस्टॉपवर ती रोज सकाळी सात वर्षांच्या लेकीला घेऊन उभी असते. मुलीचा हात नाही, मनगट धरते, घट्ट. त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा धीर करून मी म्हटलं, "सोडा की स्वल्प, अक्का. कुठं पळतेय ती?"

"ती नाही पळत. तिला नेतील," ती हलक्या आवाजात म्हणाली. "सासू म्हणते, हिची सुन्नत करायची. मलाही आत्यानं खाऊ घेऊ म्हणून नेलं होतं आणि खाली कापून आणलं."

मी विचारलं, "धर्मात आहे का तसं?"

ती दमल्यासारखी हसली. "मौलाना म्हणाले, ही बायकांची रीत, घरात विचार. सासू म्हणते, रीत कसली, धर्म आहे. मी भांडू कुणाशी?"

बस आली. चढताना दांडा धरायला तिला एक हात हवा होता. तिनं दुसऱ्या हातातली पिशवी माझ्याकडे दिली, मनगट सोडलं नाही.

आता बस दिसली की मी न बोलता पिशवीसाठी हात पुढे करते.