आक्का ओलांडायच्या ती पायरी

ये, अशी जवळ सरक. आधी हात धू. एक हात कणकेत आणि एक डोळा कागदावर, ही तुझी सवय मला ठाऊक आहे. किती महिने झाले ग तुला इकडं फिरकून? रोज फोन करतेस, "काकू, आई पडली तर नाही ना?" नाही म्हटलं की ठेवून देतेस. पडली का हे विचारतेस, चालते कशी हे एकदा तरी विचारलंस का? विचारलं असतंस तर मला एवढं लिहीत बसावं लागलं नसतं.

तुझ्याशिवाय आणखी कुणाच्या हाती हे पडलं तर त्याला कळावं म्हणून थोडं सांगते. तुझी आई म्हणजे माझी थोरली जाऊ. मी त्यांना आक्का म्हणते. आम्ही दोघीच राहतो. इथं नाशकात गंगापूर रोडला आजूबाजूला सगळ्या इमारती उठल्या, पण आमच्या घरामागं जमीन नदीकडं उतरत जाते आणि उताराच्या तळाशी फुलांचा एक तुकडा अजून राखलाय. जाई आहे, निशिगंध आहे. काचबिंदूनं आक्कांची नजर गेली, उजेड-सावली तेवढी कळते, तरी सकाळची फुलं त्याच तोडतात. बोटांनी कळी ओळखतात. त्यांना ती फुलं नसली तर दिवसच उगवत नाही.

उतार मात्र वैरी. काळी चिकण माती, पावसात साबणासारखी होते. मागल्या पावसाळ्यात आक्का घसरल्या आणि मनगट मोडून घेतलं. तू आलीस, प्लास्टर होईपर्यंत राहिलीस, आणि निघताना दारात उभी राहून मला म्हणालीस, "आता एकदा जरी पडली ना काकू, तर मी गाडी घेऊन येणार आणि आईला पुण्याला नेणार. मग वाद नको." मी वाद घातला नाही. पण आक्का आत पलंगावर जाग्या होत्या. त्यांनी ऐकलं. तुझ्या सातव्या मजल्यावर त्या काय तोडणार होत्या, सांग?

म्हणून यंदा उन्हाळा सरायच्या आत मी पायऱ्या बांधायला काढल्या. जुन्या नाशकातला एक म्हातारा गवंडी बोलावला. मिस्त्रींनी उतार खालीवर दोनदा पाहिला, दाढी खाजवली आणि म्हणाले, "भाभी, पहिले पानी का रास्ता, मग माणसाचा." आधी बाजूनं चर खणून पाणी वळवलं. मी फरशी आणू का विचारलं तर हसले. "फरशी लावा, अन् खाली दवाखाना पण बांधून घ्या." मग घरामागं जुन्या गोठ्याच्या दगडांचा ढीग होता, त्यातलेच चपटे दगड त्यांनी निवडले. पायरी बुटकी, रुंद, आणि पुढच्या बाजूला किंचित उतरती, म्हणजे पाणी साचणार नाही. प्रत्येक दगडाच्या पाठीवर छिन्नीनं टाकी मारली. आपण पाट्याला लावतो तशीच टाकी, बारीक खळगे, म्हणजे पाय धरतो. एका अंगाला लोखंडी नळीचा कठडा. दिवसभर टक टक टक चालायचं. आक्का ओट्यावर बसून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "टाकीवालीच आली म्हणायची दारात."

काम संपलं. मिस्त्री हत्यारं पोत्यात बांधून, चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी जरा आडवी झाले होते तर आक्कांनी हाक मारली. "अगं, त्या मिस्त्रीला पाणी तरी नेऊन दे. केव्हाचा उन्हात ठोकतोय."

"आक्का, मिस्त्री कालच गेले."

"मग कोण ठोकतंय?"

मी कान दिला. काहीच नाही. पलीकडच्या इमारतीत कुठं काम चालू असेल म्हटलं आणि कूस बदलली. पण त्या रोज दुपारी विचारायला लागल्या. मी रोज नाही म्हणायचे. मग एके दिवशी मी खाली फुलांना सोडलेलं पाणी बंद करायला गेले. वारा नव्हता, पाखरू नव्हतं. पायऱ्यांच्या मधोमध आले आणि पायाखालून आलं, टक. टक. टक. कानानं नाही, टाचेतून कळलं. मी जिथल्या तिथं उभी राहिले. मग पायऱ्या चढून वर आले. पळाले नाही, पळणं माझ्या गुडघ्याला जमत नाही, पण मागं वळूनही पाहिलं नाही.

आक्कांना काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी तुला सांगितलं असतं, आणि तू मला आधी डॉक्टरकडं नेलं असतंस.

पाऊस लागला. पायऱ्या सुरेख टिकल्या, एक थेंब साचेना. आक्का कठडा धरून, परडी काखेत घेऊन उतरायच्या. मी वरून बघत राहायचे. आणि मग माझ्या लक्षात आलं. एका ठरावीक पायरीपाशी त्या थांबायच्या. लुगड्याचा काठ उचलायच्या आणि ती पायरी ओलांडून थेट पुढच्या पायरीवर पाय टाकायच्या. त्या वयात, नजर नसताना, ओल्यात! एकदा पाय अर्धाच पडला आणि त्या कठड्याला लोंबकळल्या. परडी गेली गडगडत खाली.

मी कठडा धरत खाली उतरले, त्यांना वर आणलं आणि चांगलंच सुनावलं. "एवढ्या पायऱ्या कशाला बांधल्या मी? उड्या मारायला? लेक गाडी घेऊन दारात उभी राहील उद्या, मग बसा पुण्यात भिंतीकडं तोंड करून!"

त्या पदरानं हात पुसत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "तिथं सासूबाई आहेत ग. अंगावर पाय देऊन कशी जाऊ?"

सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी त्यांना चहा करून दिला, माझाही केला, तो गार झाला. पायरी तर सगळ्यांसारखी. काळा दगड, वर टाकी. मी स्वतः त्यावरून रोज जात होते. पण सांगते तुला, त्या दिवसानंतर माझाही पाय तिथं पडेना. आता दोघीही ओलांडायला लागलो. म्हणजे दोघींपैकी कुणीतरी पडणार हे ठरलेलंच. मी मिस्त्रींना फोन केला.

ते आले, हसले. "भाभी, दगड पक्का बसलाय. काढायचा कशाला?"

"मला सलतोय. काढा."

पहार घातली. दगड निघेना. मग निघाला तो एकदम, कुणी आतून सोडल्यासारखा. मिस्त्रींनी तो उलटा केला. तो पाटा होता. आपल्या घरातला पाटा, सासूबाईंचा. एका कोपऱ्याचा टवका उडालेला, तोच. मिक्सर आल्यावर तो मागं गेला, त्यावर गोठ्याचे दगड पडले, आम्ही विसरलो. मिस्त्रींना वाटला चपटा दगड. त्यांनी त्याची पाठ वर करून बसवला, तोंड मातीत.

इथपर्यंत तू म्हणशील, बरं, मग काय झालं? ऐक. सासूबाईंच्या शेवटच्या वर्षात तो पाटा झिजून काचेसारखा गुळगुळीत झाला होता. मिरची वाटायला गेलं की नुसती सरकायची. त्या रोज म्हणायच्या, "पाट्याला टाकी लावून घ्या ग." टाकीवाली काही आली नाही, त्या गेल्या. आणि आता मातीतून काढलेल्या त्या पाट्याच्या तोंडावर काठापासून काठापर्यंत टाकी होती. ताजी. खळगे पांढरे होते, नव्या घावाचे असतात तसे. भर पावसात चिखलात पालथा पडलेला दगड, आणि एकाही खळग्यात माती नाही.

मी मिस्त्रींकडं पाहिलं. ते दोन पावलं मागं सरले होते. "मी नाही लावली, भाभी. वरच्या बाजूला लावली मी. खालून कोण टाकी मारतो? कुणाच्या पायाला?" मग त्यांनी टोपी नीट केली, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि माझ्याकडून एक पैसाही न घेता दुसरा दगड तिथं बसवून दिला. चहाला थांबले नाहीत.

पाटा आम्ही दोघींनी घरात आणला. वरवंटा घरातच होता, इतकी वर्षं मागच्या दाराला अडणा म्हणून लावलेला. पाटा एकीकडं आणि वरवंटा एकीकडं ठेवू नये असं सासूबाई म्हणायच्या. दोन्ही धुऊन स्वयंपाकघरात मांडले, हळदकुंकू वाहिलं. आक्कांनी तळवा फिरवला आणि म्हणाल्या, "छान लागलीय टाकी." जणू काही बाजारातून भाजी आणलीय! त्याच संध्याकाळी त्यांनी लसणाची चटणी वाटली.

त्यानंतर ती टकटक थांबली. आक्का त्या जागच्या नव्या दगडावर सरळ पाय देतात, कठडा धरतात, पडत नाहीत. तुझ्या आईला न्यायचं कारण उरलेलं नाही, एवढंच मला सांगायचं होतं.

पण खोटं बोलून तुला बोलावणार नाही. सकाळी मी स्वयंपाकघरात जाते तेव्हा पाटा ओला असतो, धुऊन भिंतीला उभा केलेला. मी करत नाही. आक्का म्हणतात, मी नाही. आणि उतरताना त्या अधेमधे कठड्याला चिकटून उभ्या राहतात, खालून वर येणाऱ्या कुणाला वाट द्यावी तशा. मान जरा खाली, सासूपुढं सुनेची असायची तशी. मग पुढं जातात.

तू ये ग. गाडी घेऊन ये, पण न्यायला नको, बघायला ये. सकाळी ये. आईच्या मागून कठडा धरून उतर, आणि ती बाजूला झाली तर काही न विचारता तूही बाजूला हो. खाली जाई फुललीय, चटणीही वाटून ठेवते. लवकर ये.